जुनी बंदूक घरात ठेवायची तर: अमेरिकेतला संग्राहकाचा परवाना



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीचं सिंगरचं शिलाई मशीन होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालवायचं. त्याच सिंगर कंपनीने एकदा पिस्तुलंही बनवली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात तिचा मोठा कारखाना होता. आज भारतातून येणारी आपली माणसं ज्या नुअर्क विमानतळावर उतरतात, त्याच्या शेजारचंच हे शहर. दुसरं महायुद्ध युरोपात पेटलं होतं, अमेरिका अजून त्यात उतरली नव्हती, आणि साध्या कारखान्यांना वेळ आली तर शस्त्रं बनवता येतील का, हे लष्कराला पाहायचं होतं. म्हणून सिंगरला चाचणीपुरती ५०० पिस्तुलांची ऑर्डर दिली गेली. १९४१ मध्ये ती पुरी झाली. काम इतकं सफाईदार होतं की एवढ्या कुशल कारागिरांना पिस्तुलांत अडकवण्यापेक्षा तोफांच्या नेमाची यंत्रं करायला लावावं, असं ठरलं. पिस्तुलं पाचशेवरच थांबली.

आता गंमत बघा. हेच मॉडेल, म्हणजे १९११ए१, टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँड कंपनीने युद्धकाळात जवळपास नऊ लाख बनवलं. दोन्ही पिस्तुलं एकाच नकाशावरून झालेली, एकच गोळी उडवणारी. पण सिंगरचा शिक्का असलेलं एखादं चांगल्या अवस्थेतलं पिस्तूल लिलावात लाख डॉलरच्या पुढे जातं. ते घेणारा माणूस त्यातून गोळी झाडण्यासाठी ते घेत नाही. तो घेतो ती वस्तू, तिच्यामागची हकीकत.

हा फरक अमेरिकेच्या कायद्यानेही मान्य केला आहे. अशा बंदुकांना इथे 'क्युरिओ अँड रेलिक' म्हणतात, बोलताना नुसतं 'सी अँड आर'. आणि त्या गोळा करणाऱ्यासाठी संघराज्य सरकारचा वेगळा परवाना आहे. आजचा विषय हाच. आम्हाला हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या तऱ्हेने. कुणाच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आपली युद्धातली रायफल द्यायची म्हटलेली असते. कुणी नवं घर घेतलं आणि माळ्यावर कापडात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. कुणाच्या मुलाला इतिहासाचं वेड आहे आणि तो बाबांना सांगतोय की पन्नास वर्षांपूर्वीच्या बंदुकीला काही लागत नाही. यातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे, आणि महागात पडू शकणारं आहे.

बंदुकीचं वय किती, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. आपल्या लोकांनी आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुम्ही या देशात कोणत्या कागदावर आहात?

अमेरिकेचा संघराज्य कायदा सांगतो की नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. नॉन-इमिग्रंट म्हणजे कोण? एच-१बी, एच-४, एल-१, विद्यार्थ्यांचा एफ-१, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या आईवडिलांचा बी-२. म्हणजे आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात मांडी घालून बसलेल्यांपैकी कितीतरी जण. आय-१४० मंजूर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभे आहोत, घर आहे, मुलं इथेच जन्मली, यातल्या कशानेही सूट मिळत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की ही मनाई उठते, त्याआधी नाही. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. पूर्वी दहा होती, २०२२ च्या कायद्याने वाढवली. शिवाय बंदुकीसंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर तो देशातून काढून टाकण्याचं स्वतंत्र कारण ठरतो, आणि हे ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे.

या मनाईला काही अपवाद आहेत. त्यातला एक सगळ्यांना ठाऊक असतो: एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून काही जण शिकारीचा परवाना काढून बंदूक घेतात. कागदावर हे बसतं. पण परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, आणि ती तारीख कोण लक्षात ठेवतं? आमचं मत विचाराल तर, ज्याचं अख्खं आयुष्य एका व्हिसावर टांगलेलं आहे त्याने एका जुन्या रायफलीसाठी या वाटेने जाऊ नये. आणि जायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं, मग दुकानात.

'जवळ बाळगणं' या शब्दांतही खोच आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने रेहाइफ खटल्यात निकाल दिला. हा मूळचा संयुक्त अरब अमिरातीतून आलेला विद्यार्थी. फ्लोरिडातल्या विद्यापीठाने त्याला काढून टाकलं, त्यामुळे विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क संपला, तरी तो राहिला. आणि एका शूटिंग रेंजवर जाऊन त्याने बंदूक चालवली. एवढ्यावरून खटला झाला. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी म्हटलं की आपला दर्जा काय आहे हे त्याला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागेल. आरोपीला त्याचा फायदा झाला, पण आपल्यासाठी त्यातली गोष्ट दुसरी आहे: रेंजवर तासाभरासाठी हातात घेतलेली बंदूकसुद्धा 'जवळ बाळगणं' ठरू शकते. लास वेगासच्या सहलीत रेंजवर फोटो काढणाऱ्या मुलांनी हे ऐकून ठेवावं.

एकाच घरात नवरा ग्रीन कार्डवर आणि बायको अजून एच-४ वर, किंवा उलट, असं आपल्याकडे सर्रास असतं. तिथे बंदूक घ्यायला हक्क असलेल्या माणसाने ती कुलूपबंद तिजोरीत ठेवावी आणि किल्ली किंवा आकडा फक्त स्वतःकडे ठेवावा. दोघांनाही सहज हात घालता येईल अशा कपाटात ती असेल, तर ताबा दोघांचा मानला जाऊ शकतो.

आता बंदुकीच्या वयाकडे वळू.

पहिली रेषा १८९८ ची. त्या वर्षी किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघराज्य कायद्याच्या दृष्टीने 'अँटिक' आहे, म्हणजे १९६८ च्या गन कंट्रोल कायद्याच्या अर्थाने ती बंदूकच नाही. तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक, ठासणीची बंदूक या तर आल्याच, पण १८९६ साली बनलेली काडतुसांची माउझर रायफलसुद्धा आली. मॉडेलचं साल नाही, प्रत्यक्ष बनल्याचं साल धरायचं. १८९६ चं मॉडेल १९०५ मध्ये बनलेलं असेल तर ते अँटिक नाही. २००३ साली काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातला नेपाळी सैन्याचा शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत आणला होता. हजारो मार्टिनी-हेन्री, ब्रन्सविक, नेपाळातच बनलेल्या गहेंद्र रायफली, काहींवर ईस्ट इंडिया कंपनीच्या खुणा. त्या आजही इथे विकल्या जातात, आणि संघराज्याच्या नियमांपुरतं बोलायचं तर भिंतीवरच्या घड्याळासारख्या विकल्या जातात. पण बंदूक कायद्यातून सुटली म्हणजे तिची काडतुसं सुटली असं समजू नका. व्हिसावरच्या माणसाला काडतुसाचीही मनाई आहे.

दुसरी रेषा पन्नास वर्षांची, आणि ती दरवर्षी पुढे सरकते. बनल्याला पन्नास वर्षं झाली आणि बंदूक मूळ रूपात असली, की ती आपोआप सी अँड आर होते. कुठल्या यादीत नाव असावं लागत नाही. जुन्या बंदुकीची आज बनवलेली हुबेहूब नक्कल मात्र यात बसत नाही.

पन्नास वर्षं झाली नसतील तरी दोन वाटा आहेत, आणि 'मोजक्याच बनलेल्या' बंदुकांचा प्रश्न इथे येतो. एक वाट अशी की बंदुका प्रदर्शनात ठेवणाऱ्या शहर, राज्य किंवा संघराज्याच्या संग्रहालयाच्या अभिरक्षकाने ती संग्रहालयात ठेवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र द्यावं. दुसरी वाट अशी की तिच्या किमतीचा मोठा भाग ती दुर्मीळ, अनोखी किंवा विचित्र असल्यामुळे, किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी, काळाशी, घटनेशी जोडलेली असल्यामुळे आलेला असावा. हे नुसतं म्हणून चालत नाही. तशी बंदूक संग्राहकांच्या बाजाराबाहेर मिळत नाही, किंवा तसल्याच साध्या बंदुकीची दुकानातली किंमत बरीच कमी आहे, हे दाखवावं लागतं. निर्णय एटीएफ या संघराज्य खात्याचा तांत्रिक विभाग देतो. त्याचं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. मंजूर झालेल्या बंदुकांची यादी एटीएफ प्रसिद्ध करतं, आणि तिच्यात कोल्ट आणि विंचेस्टरच्या स्मरणार्थ काढलेल्या आवृत्त्यांची रांगच्या रांग आहे.

'लिमिटेड एडिशन' या शब्दांवर मात्र भाळू नका. १९६४ साली विंचेस्टरने वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीनिमित्त एक रायफल काढली, जेमतेम पंधराशे. दोन वर्षांनी कंपनीच्या स्वतःच्या शताब्दीची रायफल काढली, सोनेरी मुलामा वगैरे देऊन, आणि ती विकली लाखाच्या वर. दोन्ही 'स्मरणार्थ'. एक खरोखर मोजकी, दुसरी लग्नाच्या आहेरातल्या चांदीच्या वाटीइतकी सगळीकडे. आता दोन्हींना पन्नास वर्षं उलटून गेल्यामुळे दर्जाचा प्रश्न उरला नाही, किमतीचा उरला आहे. पण मागच्या वर्षी बनलेल्या बंदुकीवर कंपनीने 'हजारातली एक' असं कोरून दिलं, तर ती सी अँड आर होत नाही. ती नवी बंदूक आहे, नव्या बंदुकीचे सगळे नियम तिला लागू.

ऐतिहासिक व्यक्तीशी नातं सिद्ध करणं किती अवघड असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ साली साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली तेव्हा केवढी चर्चा झाली! त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटलं आहे की हीच ती वाघनखं याची खातरजमा करता आलेली नाही. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर एखाद्या विक्रेत्याने 'ही अमुक जनरलची' असं सांगितल्यावर मूळ बिलं, पत्रं, लष्करी नोंद मागायला संकोच कसला? सिंगरच्या पिस्तुलांचीही बनावट फार आहे. साध्या पिस्तुलावर शिक्का उठवून किंमत अनेक पटींनी वाढवण्याचा मोह माणसाला होणारच.

आता एका बंदुकीबद्दल थोडं सविस्तर, कारण ती आपल्या ओळखीची आहे.

टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या गन शोमध्ये फिरताना तुम्हाला टेबलावर एक आखूड नाकाची, जड लाकडी रायफल दिसेल, आणि तिच्यावर अशोकस्तंभाचे सिंह. खाली आर.एफ.आय. अशी अक्षरं आणि साल. ही रायफल फॅक्टरी ईशापूरची, म्हणजे कोलकात्याजवळच्या सरकारी कारखान्यातली. इंग्रजांच्या काळात तिथे थ्री-नॉट-थ्री बनायची. तिच्यावर मुकुट आणि जी.आर.आय. अशी सम्राटाची आद्याक्षरं असतात. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, सिंह आले, रायफल तीच राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, पोलिसांच्या हातात होत्या त्या याच घराण्यातल्या.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने याच रायफलीचं नवं रूप केलं, ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. आधी २ए, मग २ए१. फरक ओळखायचा तर मागच्या नेमाच्या पट्टीकडे बघायचं: २ए वर दोन हजार मीटरपर्यंत आकडे, २ए१ वर आठशेपर्यंत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही बनत होती, म्हणजे तिची शेवटची वर्षंसुद्धा आता पन्नाशीच्या रेषेवर आली आहेत. १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी बंदुकांची आयात बंद केली होती. १९८४ च्या दुरुस्तीने परवानाधारक आयातदारांना सी अँड आर रायफली आणायला परत मुभा दिली. त्या दारातून या भारतीय रायफली इथे आल्या.

आणि इथेच 'मूळ रूपात' या अटीचा फटका बसतो. इथल्या काही आयातदारांनी २ए१ ची नळी कापून, टोकाला भोंग्यासारखं नळकांडं लावून, तिला युद्धातल्या 'जंगल कार्बाइन'चा तोंडवळा दिला. रुबाबदार दिसते. पण ती भारतीय लष्कराने वापरलेल्या रूपात राहिली नाही, त्यामुळे वय कितीही असलं तरी सी अँड आरचा दर्जा तिच्याबाबत धरून चालता येत नाही. कुणीतरी हौसेने दस्ता बदलून, दुर्बीण बसवून शिकारीची रायफल केली असेल तरी तीच अडचण. भारतातच लष्कराने किंवा पोलिसांनी सेवेत असताना केलेले बदल ही वेगळी गोष्ट. नळीभोवती तांब्याची तार गुंडाळलेली ईशापूर दिसली तर ती खराब झालेली नाही, ती हातबॉम्ब फेकण्यासाठी मजबूत केलेली आहे. अशा रायफलीने गोळी झाडायच्या भानगडीत मात्र पडू नका. तिने फार मार खाल्लेला असतो.

पन्नास वर्षं झाली तरी जिला हा दर्जा पुरत नाही अशी एक जात आहे: स्टेनगनसारखी आपोआप झडणारी बंदूक. तिच्यावर १९३४ चा वेगळा कायदा आहे, आणि तिची सरकारी नोंद आधीच झालेली असावी लागते. युद्धावरून परतलेल्या सैनिकाने ट्रंकेत घालून आणलेली आणि कधीच न नोंदवलेली मशिनगन आज कोणत्याही अर्जाने कायदेशीर होत नाही. माळ्यावर तसं काही सापडलं तर हात न लावता वकिलाला फोन करा.

मग परवाना कशासाठी? एक गैरसमज आधी दूर करू. जुनी बंदूक घरात असायला संग्राहकाचा परवाना लागतो असं नाही. ज्याला कायद्याने मनाई नाही तो सी अँड आर बंदूकही इतर बंदुकीसारखी दुकानातून, फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन घेऊ शकतो. अडचण येते ती दुसऱ्या राज्यातली बंदूक हवी असेल तेव्हा. ती थेट घरी मागवता येत नाही. आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे यावी लागते.

यामागे जुनी जखम आहे. १९६३ साली अध्यक्ष केनेडींवर झाडलेली रायफल ही जुनी इटालियन लष्करी कारकानो होती, शिकागोच्या एका दुकानातून खोट्या नावाने टपालाने मागवलेली, वीस डॉलरच्या आसपास किमतीत. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गन कंट्रोल कायदा झाला. टपालाने बंदूक मागवणं सामान्य माणसाला बंद झालं. संग्राहकांसाठी मात्र एक छोटी खिडकी ठेवली. ती खिडकी म्हणजे हा टाइप-०३ परवाना.

वय २१ पूर्ण हवं. फी तीन वर्षांची ३० डॉलर. अर्ज एटीएफकडे, आणि त्याची एक प्रत तुमच्या गावच्या पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला. परवाना आला की दुसऱ्या राज्यातली सी अँड आर बंदूक थेट तुमच्या पत्त्यावर येऊ शकते, आणि परवानाधारक दुकानदाराकडून सी अँड आर घेताना दर वेळची संघराज्य तपासणी लागत नाही. फक्त सी अँड आर. नव्या बंदुकीच्या बाबतीत तुम्ही चारचौघांसारखेच. आणि बंदूक कमरेला लावून फिरायची मुभा या परवान्यात कुठेही नाही.

बदल्यात वही ठेवावी लागते. बांधीव वही, सुटे कागद नव्हेत. बंदूक आली की दुसऱ्या कामाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंद: बनवणारा, मॉडेल, क्रमांक, प्रकार, कॅलिबर, कुणाकडून आली. गेली की सात दिवसांत नोंद: कुणाकडे. चोरीला गेली किंवा हरवली तर ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवायचं. एटीएफ वर्षातून एकदा वही आणि संग्रह तपासू शकतं. ते घरी यावेत की आपण वही आणि बंदुका घेऊन त्यांच्या कार्यालयात जावं, हे संग्राहक ठरवतो. आपल्याकडच्या जुन्या दुकानदारांना रोजकीर्दीची जी शिस्त होती, ती ज्याला जमेल त्यानेच या वाटेला जावं. गॅरेजमधल्या खोक्यांत टॅक्सचे कागद कोंबणाऱ्याने जाऊ नये. हे मी स्वतःला धरून बोलतोय.

हा व्यापाराचा परवाना नाही. स्वस्तात घेऊन नफ्यात विकणं, पुन्हा घेणं, पुन्हा विकणं हा धंदा झाला, त्याला दुकानदाराचा परवाना लागतो. संग्रह वाढवायला एखादी अधूनमधून विकली, किंवा वय झालं म्हणून सगळा संग्रह मोडला, तर ते कायद्याला चालतं.

आतापर्यंत बोललो ते संघराज्याबद्दल. राज्यांची गोष्ट निराळी, आणि आपली वस्ती नेमकी कडक राज्यांत जास्त. न्यू जर्सीत रायफल घ्यायलाही राज्याचं ओळखपत्र लागतं आणि पिस्तुलाला प्रत्येक वेळी वेगळी परवानगी. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड. न्यू यॉर्कमध्ये पिस्तुलाचा वेगळा परवाना, आणि न्यू यॉर्क शहरात त्याहून वेगळे नियम. संग्राहकाचा परवाना यातलं काहीच रद्द करत नाही.

२०१४ साली न्यू जर्सीच्या कंबरलँड काउंटीत एका सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकाच्या गाडीत चकमकीचं पिस्तूल सापडलं. अठराव्या शतकातलं, गोळी न भरलेलं, कापडात गुंडाळलेलं. संघराज्य कायद्याने ती बंदूकच नव्हे. न्यू जर्सीच्या कायद्याने ते पिस्तूल होतं, आणि गाडीत नेण्याची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. अटक झाली, अनेक वर्षांच्या कैदेची टांगती तलवार आली, पेन्शन जाण्याची भीती. गाजावाजा झाला आणि २०१५ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. ते गृहस्थ सुटले. पण त्यांच्या जागी इमिग्रेशनचा अर्ज पडून असलेला कुणी असता, तर अटकेची ती नोंद पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्याच्या आधी खुर्चीत जाऊन बसली असती.

तर शेजारच्या त्या आजोबांच्या रायफलीचं काय? ते आणि तुम्ही एकाच राज्यात असाल, तुम्हाला व्हिसाची किंवा इतर मनाई नसेल, तरी भेट म्हणून नुसती हातात घेऊ नका. अनेक राज्यांत खासगी देवघेवही दुकानदारामार्फत करावी लागते. मृत्युपत्राने आली तर संघराज्य कायदा राज्याची सीमा ओलांडायला सूट देतो, घेणाऱ्याला मनाई नसेल तर. तुम्ही एच-१बीवर असाल तर कृतज्ञतेने नाही म्हणा, किंवा त्यांच्या गावच्या संग्रहालयाचं नाव सुचवा. माणूस दुखावत नाही. बहुतेकांना ही अट माहीतच नसते आणि सांगितली की पटते.

भारतातल्या वाड्यातली ठासणीची बंदूक इकडे आणायची कल्पना कुणाच्या मनात असेल, तर तिथे दोन देशांची दोन कॅलेंडरं आडवी येतात. अमेरिकेचं 'अँटिक' १८९८ ला थांबलेलं आहे. भारताचं शंभर वर्षांचं, पुढे सरकणारं. शंभर वर्षांहून जुनी, इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. इथलं कस्टम्स सोडायला तयार असलं तरी तिथलं नाही. आणि ती वाड्यात भिंतीवर आहे म्हणून तिथे आपोआप कायदेशीर आहे असंही नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडलेल्या अशा शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. काकांनी दरवर्षी दसऱ्याला तेल घालून चालती ठेवलेली बंदूक त्यात बसत नाही. काकांना एकदा विचारा, परवाना कुणाच्या नावावर आहे. आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली असतील, तर सुट्टीत गावी गेल्यावर पहिलं काम जिल्हाधिकारी कार्यालयातल्या परवाना शाखेत जायचं आहे. वारसाने परवाना मिळू शकतो, मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका राहू शकत नाहीत.

उलट दिशेचंही एक सांगतो आणि थांबतो. रेंजवर नेलेली पाठपिशवी भारताच्या प्रवासाला वापरू नका. तिच्या एखाद्या कप्प्यात राहिलेलं एकच काडतूस दिल्ली किंवा मुंबई विमानतळाच्या यंत्रात दिसतं, आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. दिल्ली उच्च न्यायालयाने असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, कारण काडतूस जाणूनबुजून जवळ ठेवलेलं नव्हतं. पण त्या निकालापर्यंत जायला महिने लागतात, आणि सुट्टी असते तीन आठवड्यांची. निघायच्या आदल्या रात्री पिशवीचे सगळे कप्पे उलटे करून झटका. बाजूचा, पाण्याच्या बाटलीचा कप्पासुद्धा.